डिस्ने वर्ल्डची मोहिनी ओसरली आहे का, हे स्वतः कसे ताडून पाहावे

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत भारतातून आई-वडील आले, की फ्लोरिडातील ऑरलँडोच्या सहलीचा विषय निघतोच. गेल्या काही वर्षांत त्या विषयाबरोबर एक प्रश्नही निघू लागला आहे, तो म्हणजे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आता पूर्वीसारखे राहिले आहे का. एक जण सांगतो की तेथे आता नुसता खिसा रिकामा होतो. दुसरा सांगतो की मुलांचे चेहरे पाहिले की सगळे भरून पावते. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात; पण ज्यांना हजारो डॉलर आणि वर्षाच्या रजेतील मोलाचे दिवस खर्च करायचे आहेत, त्यांना एवढ्यावर निर्णय घेता येत नाही. मोहिनी ही मोजता येत नाही असे आपण मानतो, तरी ती ज्या गोष्टींवर उभी असते त्यांतील बऱ्याचशा डोळ्यांनी पाहता येतात आणि काही तर घड्याळ लावून मोजताही येतात. ते कसे करावे, यासाठी हे मार्गदर्शन आहे.

तुलना कशाशी करायची, हे आधी ठरवावे

पहिले काम घरी बसून करायचे आहे. पूर्वी आपण तेथे गेला असाल तर जुनी छायाचित्रे काढून त्यांवरचा महिना आणि वार पाहावा. शाळा नुकत्या सुरू झालेल्या असतानाच्या सप्टेंबरातील मंगळवारची तुलना नाताळच्या आठवड्याशी केली, तर उद्यान बिघडल्याचाच निष्कर्ष निघणार, आणि तो चुकीचा असेल. नाताळ ते नववर्ष, ईस्टरच्या आसपासची सुट्टी आणि लांब जोडून येणारे शनिवार-रविवार हे दिवस तेथे पूर्वीही गर्दीचेच होते. उलट सप्टेंबरात गर्दी कमी असली, तरी उकाडा असह्य असतो आणि दुपारचा पाऊस व वादळांची शक्यता धरूनच बेत आखावा लागतो.

दुसरी गोष्ट वयाची. लहानपणी आपल्याला तिकिटाची किंमत ठाऊक नव्हती आणि रांगेत उभे राहण्याची जबाबदारी कोणा दुसऱ्याची होती. गोराईच्या एस्सेल वर्ल्डची आठवण काढणारे मुंबईकर पाळण्यांइतकेच खाडीवरच्या होडीबद्दल बोलतात, कारण आठवणीत उद्यान एकटे साठवले जात नाही. त्यासोबत तो प्रवास, ती सोबत आणि आपले ते वयही साठवले जाते. म्हणून निघण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावे, की मागच्या वेळी नेमके काय आवडले होते. ‘मजा आली’ असे मोघम लिहू नये. ‘संध्याकाळी काहीही न ठरवता हिंडलो’, ‘कर्मचारी मुलीशी आपणहून बोलला’, ‘भुताच्या हवेलीत दोनदा गेलो’ असे लिहावे. तपासायचे आहे ते या यादीतच असते.

फुकट काय होते आणि विकत काय झाले

यानंतर पैशाचा हिशेब मांडावा, परंतु केवळ तिकीट महागले एवढे म्हणून थांबू नये. 1 ऑक्टोबर 1971 रोजी डिस्ने वर्ल्डच्या चार मुख्य उद्यानांपैकी पहिले, मॅजिक किंगडम, सुरू झाले तेव्हा मोठ्या माणसाचे प्रवेशशुल्क साडेतीन डॉलर होते. महागाई धरली तरी आजच्या हिशेबाने ते तीस डॉलरांच्या आत राहते. 2022 च्या अखेरीस त्याच उद्यानाचे गर्दीच्या दिवसाचे तिकीट 189 डॉलरवर पोहोचले. ही तफावत डोळ्यांत भरते, पण न्यायाने पाहायचे तर साडेतीन डॉलरांत फक्त आत जाता येत असे. राइडसाठी ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच प्रतींची कुपने वेगळी घ्यावी लागत, आणि सर्वांत मोठ्या राइडला ‘ई’ कुपन लागे. ही पद्धत 1982 च्या सुमारास संपली आणि एका तिकिटात सगळे बसू लागले. म्हणजे पैशानुसार प्रतवारी डिस्नेला नवी नाही. नवे काय आहे ते पुढे रांगेच्या विषयात सांगतो, कारण माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर तेथेच दडलेले आहे.

आपल्या वहीत दोन रकाने करावेत : पूर्वी तिकिटात किंवा हॉटेलच्या भाड्यात काय मिळत होते, आणि आज त्याचे काय झाले. विमानतळावरून डिस्नेच्या हॉटेलात नेणारी ‘मॅजिकल एक्सप्रेस’ बस 2005 पासून विनामूल्य होती. ती 2022 च्या आरंभी बंद झाली. दोन मोठ्या बॅगा, गुडघे दुखणारी आई आणि झोपेला आलेले मूल घेऊन उतरणाऱ्या कुटुंबाला या बसचे मोल कळते. तिच्या जाण्याने सहलीचा पहिला तासच बदलून गेला. हॉटेलात राहणाऱ्यांना मिळणारे, खोलीची किल्ली आणि तिकीट म्हणून चालणारे विनामूल्य मनगटी पट्टे 2021 पासून थांबले. रात्री उशिरापर्यंत उद्यानात थांबण्याची जी सवलत पूर्वी डिस्नेच्या साध्या हॉटेलातल्या पाहुण्यांनाही मिळे, ती आता मुख्यतः महागड्या हॉटेलांतील पाहुण्यांपुरती उरली आहे.

याच वहीत जे परत आले तेही प्रामाणिकपणे लिहावे. हॉटेलच्या पाहुण्यांकडून गाडी उभी करण्याचे जे शुल्क 2018 मध्ये घ्यायला सुरुवात झाली होती, ते जानेवारी 2023 मध्ये रद्द झाले. महासाथीत सुरू झालेली, तिकिटाव्यतिरिक्त दिवसाची वेगळी नोंदणी करण्याची सक्ती जानेवारी 2024 पासून तारखेच्या तिकिटांसाठी उठली. नोव्हेंबर 2022 मध्ये कंपनीच्या प्रमुखपदी बॉब चॅपेक यांच्या जागी बॉब आयगर परतले आणि त्यानंतर अशा काही गोष्टी सैल झाल्या. ग्राहक नाराज आहे हे व्यवस्थापनाला कळते आणि कधीकधी ते ऐकतेही, असा याचा अर्थ मी घेतो. सगळे उतरणीलाच लागले आहे असे म्हणणाऱ्यांनी या नोंदी वगळू नयेत.

रांगा जेथे एकत्र येतात, तेथे लक्ष द्यावे

उद्यानात गेल्यावर करायची सर्वांत महत्त्वाची पाहणी रांगेची आहे. जुन्या कुपनांच्या काळात ज्याच्याकडे ‘ई’ कुपन होते तो राइडवर जाई, पण रांग सर्वांची एकच असे. श्रीमंताचे मूल आणि काटकसर करून आलेल्याचे मूल एकामागोमाग उभे राहत. 1999 मध्ये फास्टपास आला तेव्हा दुसरी, जलद रांग निर्माण झाली. मात्र तो चिठ्ठीवजा पास प्रत्येक तिकिटावर विनामूल्य मिळे, त्यामुळे सकाळी लवकर उठण्याची तयारी एवढेच त्याचे भांडवल होते. ऑक्टोबर 2021 मध्ये त्याची जागा ‘जिनी प्लस’ने घेतली आणि त्यासाठी आरंभी माणशी, दर दिवशी 15 डॉलर मोजावे लागू लागले, पुढे ही किंमत दिवसाच्या गर्दीनुसार बदलती झाली. जुलै 2024 पासून या सेवेचे नाव ‘लाइटनिंग लेन मल्टी पास’ झाले, सर्वांत मागणी असलेल्या राइडसाठी वेगळा पास राहिला, आणि त्याच वर्षी वेळ न ठरवता जलद रांगांत जाऊ देणारा ‘प्रीमियर पास’ आला, ज्याची एका दिवसाची माणशी किंमत मॅजिक किंगडमसाठी 449 डॉलरपर्यंत जाईल असे कंपनीनेच जाहीर केले. पूर्वी पैशाने राइड मिळत असे. आता पैशाने दुसऱ्याच्या पुढची जागा मिळते. हा फरक मला फार मोठा वाटतो.

तो डोळ्यांनी पाहायचा असेल तर साध्या रांगेतून कोणत्याही मोठ्या राइडच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत जावे. तेथे दोन रांगा एकत्र येतात आणि एक कर्मचारी हाताने इशारा करून कधी या रांगेतली, कधी त्या रांगेतली माणसे पुढे सोडत असतो. आपली पाळी येईपर्यंतची पाच-दहा मिनिटे मोबाइल खिशात ठेवून मोजावे : जलद रांगेतून किती माणसे गेली आणि आपल्या रांगेतून किती. त्या क्षणी मागे उभ्या असलेल्या मुलांचे चेहरेही पाहावेत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मल्टी पास म्हणजे काय ते कळत नाही, पण आपण थांबलो आहोत आणि दुसरे चालत पुढे जात आहेत, हे मात्र त्याला नक्की कळते.

येथे एक तांत्रिक बाब समजून घेतली तर मोजणीचा अर्थ नीट लागतो. प्रत्येक राइडची तासाला माणसे सामावण्याची क्षमता ठरलेली असते. मॅजिक किंगडमच्या पहिल्या दिवसापासून असलेल्या ‘हॉन्टेड मॅन्शन’ या भुताच्या हवेलीत काळ्या बग्ग्यांची साखळी कधी थांबत नाही, आपण सरकत्या पट्ट्यावर चालत जाऊन चालत्या बग्गीत बसतो, त्यामुळे ती हवेली तासाला दोन हजारांहून अधिक माणसे सहज पोटात घेते. डिस्ने वर्ल्डच्याच हॉलिवूड स्टुडिओज या उद्यानातील ‘स्लिंकी डॉग डॅश’सारख्या नव्या राइडमध्ये गाडी थांबवून, पट्टे तपासून, मग सोडावी लागते आणि ती पुष्कळ कमी माणसे नेऊ शकते. क्षमता कमी आणि तिचा मोठा वाटा विकलेल्या पासांना, असे जेथे होते तेथे साधी रांग जागची हलत नाही. म्हणून तपासणीसाठी एक राइड न थांबणाऱ्या बग्ग्यांची आणि एक थांबून भरणारी, अशा दोन्ही जातींच्या निवडाव्यात. रांगेत शिरताना फलकावर लिहिलेला वेळ टिपावा आणि राइडवर बसताना घड्याळ पाहावे. फलकावरचा वेळ अनेकदा प्रत्यक्षापेक्षा जास्त असतो, हेही लक्षात येईल. तेव्हा नुसत्या फलकाचे छायाचित्र दाखवून ‘एवढी रांग!’ म्हणणाऱ्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये.

याच जोडीला दिवसभरात कुटुंबातील एक माणूस मोबाइलकडे किती वेळ पाहत होता, याचाही अंदाज घ्यावा. पास घेणे, पुढच्या पासाची वेळ साधणे, जेवण मागवणे, राइड बंद पडली तर बेत बदलणे ही सगळी कामे आता त्या लहानशा पडद्यावर होतात आणि बहुतेक घरांत ती एकाच व्यक्तीच्या गळ्यात पडतात. आपल्या यादीत ‘काहीही न ठरवता हिंडलो’ असे लिहिलेले असेल, तर ती मोहिनी खरोखरच ओसरली आहे असे माझे मत आहे, आणि तिकिटाची किंमत अर्धी झाली तरी ती परत येणार नाही.

कारागिरी अजून जिवंत आहे का

एवढे कडू लिहिल्यावर दुसरी बाजू तितक्याच आस्थेने सांगितली पाहिजे. मॅजिक किंगडममध्ये शिरताच लागणाऱ्या मेन स्ट्रीटवर उभे राहून इमारतींचे वरचे मजले पाहावेत : ते खालच्या मजल्यांपेक्षा लहान मापाने बांधलेले आहेत, त्यामुळे इमारत आहे त्याहून उंच भासते, आणि रस्त्याच्या टोकाचा 189 फुटांचा राजवाडाही याच युक्तीने आकाशाला भिडल्यासारखा वाटतो. आपण ज्या जमिनीवर चालतो ती खरे तर दुसरा मजला आहे. फ्लोरिडात भूजल फार वर असल्याने खालचे बोगदे जमिनीच्या पातळीवरच बांधून त्यांवर उद्यान रचले गेले. वेषभूषेतील कर्मचारी, सामान आणि कचरा हे सर्व त्या बोगद्यांतून फिरते, जेणेकरून ‘टुमारोलँड’ या भविष्यनगरीच्या विभागात कोणा गुराख्याच्या वेषातला माणूस भटकताना मुलांना दिसू नये. हा विचार आजही पाळला जातो, आणि आसपासच्या कोणत्याही उद्यानात तो इतक्या निष्ठेने पाळलेला मला दिसत नाही.

देखभाल तपासण्यासाठी मुलांना आवडेल असा मार्ग आहे : एखादी राइड केल्यावर त्यांना विचारावे, आत काय हलत होते आणि काय नुसते उभे होते. या बाबतीत सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अ‍ॅनिमल किंगडम या प्राण्यांच्या उद्यानातील ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’चे आहे. 2006 मध्ये सुरू झालेल्या या हिमालयीन रेलगाडीच्या शेवटी सुमारे 25 फूट उंचीचा येती, म्हणजे हिममानव, प्रवाशांच्या दिशेने पंजा मारत असे. काही काळातच त्याच्या बांधणीत बिघाड झाला आणि तेव्हापासून तो वर्षानुवर्षे निश्चल उभा आहे; हालचालीचा भास व्हावा म्हणून त्याच्यावर लुकलुकता प्रकाश सोडतात. गाडी त्याच्या शेजारून क्षणार्धात जाते, त्यामुळे पहिल्यांदा आलेल्याला काही खटकत नाही. तरीही एवढ्या श्रीमंत उद्यानाने हे इतका काळ तसेच ठेवावे, ही गोष्ट मला कोणत्याही दरवाढीपेक्षा अधिक बोचते. जे पाहुण्याच्या सहज लक्षात येणार नाही तेही नीट केलेले असावे, याच हट्टावर तर त्या बोगद्यांचा आणि लहान मापाच्या खिडक्यांचा सारा खटाटोप उभा आहे.

काय काढले आणि त्या जागी काय आणले

जुनी राइड गेली म्हणजे मोहिनी गेली, असे समीकरण मांडू नये. काढलेल्या गोष्टीने उद्यानाला काय दिले होते, ते पाहावे. मॅजिक किंगडममधील टॉम सॉयर बेट 1973 पासून होते आणि तेथे तराफ्यातून जावे लागे. बेटावर राइड नव्हती. गुहा होत्या, झुलता पूल होता, झाडे होती आणि मुले मोकळी धावू शकत. जुलै 2025 मध्ये ते बेट, त्याभोवतीची नदी आणि नदीवरची चाकाची आगबोट ही तिन्ही बंद झाली. त्या जागी ‘कार्स’ या चित्रपटावर आधारलेला विभाग येत आहे. नवा विभाग चांगलाही होईल, पण रांग नसलेली, सावलीची, आजी-आजोबांना बसता येईल अशी जागा गेली ती गेली.

दुसरीकडे, अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यात बनलेल्या आणि मेक्सिकोतील युकातान प्रांतात राबून आलेल्या खऱ्या वाफेच्या इंजिनांची, मॅजिक किंगडमभोवती फिरणारी गाडी शेजारच्या बांधकामामुळे 2018 च्या डिसेंबरात थांबली होती, ती चार वर्षांनी पुन्हा धावली. रात्रीची दिव्यांची मिरवणूक 2016 पासून नव्हती. 2025 च्या जुलैत नवी मिरवणूक सुरू झाली. बांधकामाच्या काळात गाडी आणि राइड मधूनमधून बंद असतात, म्हणून जाण्याआधी त्या आठवड्यात काय बंद आहे ते पाहून घ्यावे आणि आपल्या यादीतील दोन-तीन गोष्टी त्यांत असतील तर तारीख सरळ बदलावी.

माणसांकडे पाहावे

डिस्ने वर्ल्डची कीर्ती जितकी यंत्रांची तितकीच कर्मचाऱ्यांची आहे. 2020 च्या सप्टेंबरात कंपनीने अमेरिकेतील उद्यानांतून 28 हजार कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली. त्यांत अनेक जुनी, मुरलेली माणसे गेली, आणि असा अनुभव नवी भरती करून लगेच भरून निघत नाही. तपासायचे ते असे, की कोणीतरी न विचारता आपल्याशी बोलले का. रस्ता झाडणारा कर्मचारी कधीकधी झाडू पाण्यात बुडवून फरशीवर दोन-चार फटकाऱ्यांत मिकी किंवा गूफी काढून दाखवतो आणि मुले ते उन्हात वाळून जाईपर्यंत भोवती उभी राहतात. त्यासाठी कोणताही पास लागत नाही. दिवसभरात असे काही घडले, तर ते वहीत लिहिताना हात आखडता घेऊ नये. आणि काहीच घडले नाही, प्रत्येक ठिकाणी नुसते ‘ॲपमध्ये पाहा’ एवढेच उत्तर मिळाले, तर तेही लिहावे.

घरच्यांना विचारताना

संध्याकाळी हॉटेलवर परतल्यावर सर्वांना एकत्र विचारू नये, कारण ज्याने पैसे भरले त्याच्यासमोर आई-वडील ‘छान झाले’ असेच म्हणतील. ‘कसे वाटले?’ असे विचारण्याऐवजी ‘पुन्हा यायचे झाले तर काय टाळाल?’ असे एकेकाला वेगळे विचारावे. ज्येष्ठांच्या उत्तरात बहुधा चालणे आणि ऊन येते. तो दोष मोहिनीच्या खात्यात मांडू नये, दुसऱ्या दिवशी चाकाची खुर्ची भाड्याने घ्यावी. जेवणाची तक्रार आली तर तिचाही उपाय आहे : बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास डिस्ने परवानगी देते, फक्त काचेच्या बाटल्या आणि मद्य चालत नाही. थेपले, दशम्या, चिवडा आनंदाने न्यावेत; झटपट खाण्याच्या काउंटरवर बर्फाचे पाणी मागितले तर विनामूल्य मिळते. मुलांच्या उत्तरात मात्र एखादी अगदी लहानशी गोष्ट येते, आणि तिची किंमत बहुतेक वेळा शून्य असते. तीन वर्षांखालील मुलाला तिकीटच लागत नाही, परंतु त्याच्या हट्टापायी घेतलेली सहल खरे तर आपल्या हौशीची असते, हे मान्य करून बेत आखला तर अपेक्षाही बेताच्या राहतात.

निर्णय कसा घ्यावा

आपली जुनी यादी आणि दिवसभराच्या नोंदी शेजारी ठेवल्या की उत्तर बरेचसे आपोआप दिसते. यादीत राइड, देखावे, आतषबाजी आणि कारागिरी असेल, तर माझ्या मते अजूनही जावे. त्या बाबतीत उद्यान थकलेले नाही, आणि 2023 मध्ये कंपनीने उद्याने व आपल्या पर्यटन जहाजांवर दहा वर्षांत 60 अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले आहे. मे 2025 मध्ये ऑरलँडोतच युनिव्हर्सल या प्रतिस्पर्धी कंपनीचे ‘एपिक युनिव्हर्स’ हे उद्यान सुरू झाल्यामुळे स्पर्धाही वाढली आहे आणि तिचा लाभ पाहुण्यांना होईल अशी मला आशा वाटते. यादीत मोकळेपणा, समान वागणूक आणि निवांत संध्याकाळ असेल, तर मॅजिक किंगडमचे दिवस कमी करून अ‍ॅनिमल किंगडमला वेळ द्यावा. तेथील ‘महाराजा जंगल ट्रेक’ ही पायवाट भग्न राजवाड्याच्या भिंतींमधून वाघांपर्यंत नेते. तिला पास लागत नाही आणि आपल्या गतीने चालता येते.

आणि हिशेब जुळतच नसेल, तर यंदा तिकीट न काढताही एक दिवस तेथे घालवता येतो. डिस्ने स्प्रिंग्जच्या बाजारपेठेत गाडी उभी करण्यास पैसे पडत नाहीत. हॉटेलांना आणि उद्यानांना जोडणाऱ्या ‘स्कायलायनर’ या हवाई पाळण्यात बसायला तिकीट लागत नाही. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधील ‘सना’ या उपाहारगृहात आधी जागा राखून ठेवली, तर नान आणि चटण्यांचे ताट समोर येते आणि खिडकीबाहेर जिराफ चरताना दिसतात. वेळ दुपारची घ्यावी, कारण अंधार पडल्यावर खिडकीतून काहीच दिसत नाही.